बर्फावरून ओढत नेलेली लॅब

नमस्कार मंडळी. आज डीएनए वाचणाऱ्या एका छोट्या यंत्राबद्दल बोलायचंय, पण खरं सांगू का, यंत्रापेक्षा मला त्याची एक गोष्ट जास्त आवडते आणि ती सांगायला लागलो की मला घड्याळ दिसत नाही, म्हणून यंत्राचं आधी पटकन उरकतो.

यंत्राचं नाव मिनआयन. ऑक्सफर्ड नॅनोपोअर या ब्रिटिश कंपनीनं 2014 मध्ये ते पहिल्यांदा संशोधकांना वापरायला दिलं. वजन 100 ग्रॅमच्या आत, म्हणजे तुमच्या मोबाईलपेक्षा हलकं, आणि लॅपटॉपला यूएसबीनं जोडायचं. आत एक पडदा, पडद्याला अगदी सूक्ष्म भोकं, भोकांतून वीज वाहते आणि डीएनएचा धागा त्यातून ओवला जातो. सुईत दोरा ओवतो ना, तसाच. डीएनए म्हणजे प्रत्येक जीवाची माहिती साठवणारा धागा, तो ज्या चार रसायनांचा बनतो त्यांना अक्षरं म्हणतात. भोकात कुठली अक्षरं आहेत त्यानुसार वीज कमी-जास्त अडते, त्यावरून लॅपटॉप अक्षरं ओळखतो. झालं यंत्र.

आता नेहमीची पद्धत काय, तर नमुना घ्या, थंड डब्यात घाला, शहरातल्या लॅबला पाठवा आणि वाट बघत बसा. तहानलेल्यानंच विहिरीकडे जायचं. पण आइसलँडमध्ये विहीर तहानलेल्याकडे गेली मंडळी, आणि तीही स्कीवरून.

तर ही ती गोष्ट. आइसलँडमध्ये वाटनायोकुल नावाचा बर्फाचा पठारासारखा प्रचंड थर आहे, नाव घेताना माझीही जीभ घसरते, तर तो त्या देशाचा सुमारे 8 टक्के भाग व्यापून बसलाय. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या ग्लेन गॉवर्स, ऑलिव्हर विन्स आणि मंडळींनी ठरवलं की अख्खी लॅब घसरगाडीवर लादायची आणि स्वतः ओढत हा बर्फ पार करायचा. ना गाडी, ना हेलिकॉप्टर, ना वाटेत कुणी डबा आणून देणार, नुसती माणसाची ताकद. 11 दिवस! आमच्याकडे एका रात्रीसाठी हरिश्चंद्रगडावर जाणारी पोरं ब्लूटूथ स्पीकर घेऊन चढतात आणि कोकणकड्यावर गाणी लावतात, अरे बाबांनो तिथं वारा ऐकायला जायचं असतं, पण जाऊ दे, त्यावर मी एकदा वेगळा अर्धा तास घेणार आहे.

हां, तर 11 दिवस. आणि यातली गंमत बघा, त्या यंत्राचा भोकांच्या पडद्याचा भाग फ्रीजमध्ये ठेवायचा असतो, फ्रीझरमध्ये नाही. गोठला की गेला. कोथिंबिरीची जुडी चुकून फ्रीझरमध्ये राहिली की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. आणि अशी गोठू न द्यायची वस्तू घेऊन हे निघाले कुठं, तर युरोपातल्या सगळ्यात मोठ्या बर्फाच्या थरांपैकी एकावर! मी असतो तर ती पोटाशी धरूनच झोपलो असतो.

शेवटी बर्फाच्या उत्तर कडेला एक घळ लागली, आणि तिच्यात चक्क गरम पाण्याचे झरे. तिथले सूक्ष्मजीव कोण, हे त्यांना बघायचं होतं. तंबू ठोकला, तंबूतच डीएनए वेगळा केला, यंत्राला दिला आणि 24 तासांहून जास्त वेळ ते चालवलं, तेही फक्त सौरऊर्जेवर. इंटरनेट नाही, वायर नाही. 2019 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. त्यांची पद्धत अशी, की नमुन्यातला सगळा डीएनए एकत्रच वाचायचा, चिवड्याची मूठ घेऊन पोहे किती, दाणे किती, डाळ्या किती ते निवडावं तसं. पुन्हा सांगतो, नमुना लॅबकडे गेला नाही, लॅब नमुन्याकडे गेली.

याचा फायदा काय, तर आपलं लोणार आठवा. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तुमच्याही मोबाईलवर फोटो आले असतील. नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले आणि उत्तर मिळालं की हे हॅलोआर्कियाचं काम, म्हणजे खारट पाणी मानवणारे सूक्ष्मजीव, गुलाबी रंगद्रव्य त्यांचंच. पण ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी परत नितळ दिसतं. म्हणजे आज काठावर जे आहे ते उद्या तसंच सापडेल असं नाही, आणि अशा वेळी काठावरच बसून वाचता आलं तर किती बरं.

एक अडचण मात्र आहेच. यंत्र अक्षरं वाचतं, नाव सांगत नाही. नाव कळायला आधी कुणीतरी तो जीव ओळखून त्याचा डीएनए नोंदवून ठेवलेला लागतो, आणि नोंदी कमी आहेत. अनोळखी नंबरवरून फोन आल्यासारखं होतं, नंबर पूर्ण दिसतो, माणूस कोण ते कळत नाही. ते नोंदींचं काम करणारे, बेडूक-किडे-शेवाळ ओळखणारे लोक, यांना कुणी टीव्हीवर बोलवत नाही, हा माझा जुना राग आहे, पण आमचे इंजिनिअर काचेपलीकडून हात दाखवतायत. येतो. नमस्कार.