फ्लेमप्रूफ मोटार दुरुस्तीला गेल्यावर

बेळगाव सीमाभागात दूधगंगा, हिरण्यकेशी आणि कृष्णेच्या पाण्यावर पिकणाऱ्या उसाने निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात साखर कारखाने आणले, आणि त्यांपैकी अनेकांच्या आवारात आता इथेनॉल तयार करणारी डिस्टिलरीही उभी आहे. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे हे निर्जल इथेनॉल सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आपल्याकडे पारा त्याखाली क्वचितच उतरतो, त्यामुळे जिथे इथेनॉल उघडे पडते किंवा गळते, तिथे धोका बारमाही असतो. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण ३.३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान असताना स्विचमधली एक ठिणगी स्फोटाला पुरते. हवेपेक्षा जड असलेली ही वाफ केबलच्या चरांत आणि खड्ड्यांत साचून राहते.

म्हणूनच अशा आवाराची झोनमध्ये विभागणी करावी लागते. टाकीच्या आत, द्रवाच्या वर, जिथे वाफ कायम असते तो झोन शून्य. नेहमीच्या कामकाजात जिथे ती अधूनमधून येऊ शकते तो झोन एक. आणि जिथे ती आलीच तर थोडा वेळ टिकेल तो झोन दोन. कोणत्या झोनमध्ये कोणते विद्युत उपकरण चालेल, हे ‘आयएस/आयईसी ६००७९’ या मानकमालिकेत सांगितले आहे.

अशा झोनमध्ये बसवलेल्या विद्युत मोटारीच्या पाटीवर, उदाहरणार्थ, ‘ईएक्स डी आयआयबी टी ४’ असे लिहिलेले असते. यातला ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ आवरण, ‘आयआयबी’ म्हणजे वायूचा गट, आणि ‘टी ४’ म्हणजे पृष्ठभागाचे तापमान १३५ अंशांपलीकडे जाणार नाही याची हमी. फ्लेमप्रूफ मोटारीत स्फोट होऊच शकत नाही, असा समज अनेक ठिकाणी आढळतो आणि तो घातक आहे. स्फोट आत होऊ शकतो, हे गृहीत धरूनच ते जाड आवरण बनवलेले असते. आतला दाब ते सोसते, आणि झाकण व बॉडी यांच्यामधल्या अतिशय अरुंद फटीतून बाहेर पडताना तप्त वायू इतका निवतो की बाहेरची वाफ पेटत नाही.

सारी मदार त्या फटीवर आहे. पावसाळ्यात, जिथे मोटारीला केबल जोडलेली असते त्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरते, म्हणून एखादा फिटर चांगल्या हेतूने तिथे रबरी पॅकिंग घालतो. कुणी फटीच्या दोन्ही बाजूंच्या गुळगुळीत पृष्ठभागांवर रंग मारतो. आठ बोल्टांपैकी सहाच बसवले जातात. मोटार तशीच सुरळीत फिरत राहते, पण प्रमाणपत्रात तपासलेले आवरण मात्र उरलेले नसते.

गळीत हंगाम संपला की मोटारी उघडल्या जातात, काही रिवाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी नव्याने भरायला जातात. आमच्या मते खरी कसोटी इथेच आहे. खरेदीच्या वेळी सगळे प्रमाणपत्र मागतात, दुरुस्तीच्या वेळी फक्त दर विचारला जातो. वास्तविक अशा उपकरणांच्या दुरुस्तीसाठी याच मालिकेत एकोणिसावा भाग आणि तपासणी व देखभालीसाठी सतरावा भाग आहे. फटीचे माप घेणे, मूळ प्रतीचेच बोल्ट वापरणे, न वापरलेले केबल छिद्र प्रमाणित प्लगने बंद करणे आणि गंज रोखण्यासाठी न सुकणारे, योग्य ग्रीस लावणे, ही कामे जाणकार हातांचीच आहेत.

ऑफ सीझनमध्येच टाक्यांवर वेल्डिंगही निघते. ज्वलनशील द्रव असलेली किंवा पूर्वी जिच्यात तो होता अशी टाकी तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय तापवू नये, हा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने घालून दिला. त्याच कलमात धुळीचाही उल्लेख होता. साखरेची बारीक धूळही स्फोट घडवते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी झालेल्या अशा स्फोटात १४ कामगार दगावले. वायूसाठीची फ्लेमप्रूफ मोटार धुळीलाही चालेल, असे धरून चालता येत नाही, कारण धुळीचे झोन वेगळे आहेत आणि पाटीवरची खूणही वेगळी.

दुरुस्तीचा ठेका देताना कारखान्यांनी दराबरोबरच फटीच्या मापांची नोंद लेखी मागावी, आणि ती तपासण्याची पद्धत रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला मराठीत आणि कन्नडमध्ये वाचता येईल अशी कंट्रोल रूममध्ये लावावी.