मांडी घालून बसता येतं का?

नमस्कार, श्रोतेहो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या आषाढात साठीच्या घरातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. सोबत मुलगा, मुलाच्या हातात जाडजूड फाईल. निदान होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कॅन्सर. फाईलमध्ये सगळं होतं. हिमोग्लोबिन ८.२, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं, एमआरआयमध्ये कमरेचे दोन मणके दबलेले. मी विचारलं, "मावशी, आताशा काय जमत नाही?" उत्तर मुलानंच दिलं, "आम्ही तिला काही करूच देत नाही, मॅडम." मी त्याला हातानं थांबवलं आणि मावशींकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "देवापुढे मांडी घालून बसता येत नाही गं. बसलं तर उठवत नाही. यंदा एकादशीची पूजा उभ्यानंच उरकली."

फाईलच्या एकाही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. श्रोतेहो, ते लिहिलेलं असायला हवं होतं, आणि अगदी पहिल्या पानावर. का, तेच आज सांगते.

आपल्या हाडांच्या आत जो मगज, म्हणजेच अस्थिमज्जा, असतो, तिथे रक्त तयार होतं. तिथेच प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवणं हे त्यांचं काम. मायलोमात याच पेशी बेसुमार वाढतात. आता हाड म्हणजे काही निर्जीव खांब नव्हे. जुन्या घराची डागडुजी चालावी तसं ते रोज थोडं पोखरलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. मायलोमाच्या पेशी पोखरणाऱ्यांना चेव आणतात आणि भरणाऱ्यांचे हात बांधून ठेवतात. त्यामुळे निदान होतं तेव्हाच दहापैकी साधारण आठ जणांच्या हाडांवर परिणाम झालेला दिसतो. रक्त बनवायची जागा व्यापली जाते, म्हणून जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागते. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं, त्यानं माणूस गळून जातो, सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही. मूत्रपिंडांवरही ताण येतो. म्हणजे औषधाचा पहिला थेंब अंगात जायच्या आधीच रोग्याची निम्मी ताकद गेलेली असते.

ही ताकद एका दिवसात जात नाही. मावशींची कंबर सहा महिने दुखत होती. वयोमानानं दुखते म्हणून त्या गप्प होत्या. मग कुणी मलम दिलं, कुणी कंबरपट्टा दिला आणि दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या तर मेडिकलमधून पट्ट्याच्या पट्ट्या आल्या. या आजारात त्याच गोळ्या मूत्रपिंडाला फार महागात पडू शकतात. आपल्याकडे क्षयरोगाचं प्रमाण मोठं, त्यामुळे मणक्याचा टीबी समजूनही कधी कधी वेळ जातो. म्हणून सांगते, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठ महिना-दीड महिना दुखत असेल, रात्रीही थांबत नसेल आणि जोडीला रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हे मायलोमा तर नाही ना?" असं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

१८४४ साली लंडनमध्ये सारा न्यूबरी नावाची ३९ वर्षांची एक बाई वारली. या आजाराच्या सर्वांत जुन्या सविस्तर नोंदींपैकी एक तिची आहे. मल्टिपल मायलोमा हे नाव मिळायला १८७३ उजाडायचं होतं, पण तिची कहाणी आजही ओळखीची वाटते. वाकताना पाठीत जोराची कळ आली, मग थकवा, मग चालणं कमी होत गेलं. शेवटी नवऱ्यानं उचलून बिछान्यावर नेताना मांडीची हाडं मोडली. त्या बिचाऱ्यानं मायेनंच उचललं होतं. मायलोमाच्या माणसाला काखेत हात घालून ओढणारे नातेवाईक पाहिले की मला ती नोंद आठवते.

आता रोग्याला काय जमतं आणि काय जमत नाही, या माहितीचा डॉक्टरांना उपयोग काय? फार मोठा आहे. २०१५ साली इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुप या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं नव्यानं निदान झालेल्या ८६९ वयस्क रुग्णांचा अभ्यास मांडला. वय, इतर आजार आणि रोजची कामं स्वतःची स्वतः करता येतात का, एवढ्यावरून त्यांचे तीन गट केले. तीन वर्षांनी धडधाकट गटातले ८४ टक्के लोक हयात होते, मधल्या गटातले ७६ टक्के आणि अशक्त गटातले ५७ टक्के. तेव्हापासून औषधं सुधारली आहेत, त्यामुळे हे आकडे घरातल्या माणसाला लावू नका. मुद्दा एवढाच की अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेणं, बाजारहाट हे प्रश्न तिथे हाडांच्या आणि रक्ताच्या तपासण्यांच्या बरोबरीला बसले. औषधाचा डोस किती झेपेल हे ठरवतानाही त्यांचा आधार घेतला जातो.

पण हे प्रश्न आपल्या घरात जसेच्या तसे विचारले तर गफलत होते. "स्वयंपाक करता का?" असं आजोबांना विचारलं तर ते "नाही" म्हणणार, कारण त्यांनी जन्मात केलेला नसतो. आजी "नाही" म्हणणार, कारण सून करते. म्हणून मी विचारते, "उद्या घरी कुणी नसलं तर स्वतःपुरता चहा-भात करून घ्याल का?" शिवाय त्या यादीत जमिनीवरून उठणं नाही, उकिडवं बसणं नाही. आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं! गावाकडचा संडास, ताटावर बसणं, भाजी निवडणं, देवपूजा. शरीर कुठे अडलं ते इथे सगळ्यांत आधी दिसतं. तेव्हा घरच्यांनी एक करावं. तीन महिन्यांपूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही, अशा गोष्टी वहीत लिहून काढाव्यात आणि वही डॉक्टरांपुढे ठेवावी. लिहिताना रोग्याला बोलू द्यावं. आपण लेकरं त्यांची उत्तरं देऊन टाकतो आणि तेही मग आपल्याला त्रास नको म्हणून मान डोलावतात.

दुसरी चूक आपण मायेपोटीच करतो. निदान ऐकलं की माणसाला खाटेला लावतो. "उठू नकोस, मी आहे ना." पडून राहिलेलं शरीर झपाट्यानं स्नायू गमावतं, आणि हालचाल थांबली की हाडातलं कॅल्शियम आणखी सुटतं. पुढे उपचारही ताकद मागतातच. डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडनं मांड्यांचे स्नायू ढिले पडतात, खुर्चीतून उठताना ते पहिल्यांदा जाणवतं. बोर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधानं पायांच्या नसांवर परिणाम होऊ शकतो. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही असं कुणी म्हणालं, तर ते थट्टेवारी नेऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

अर्थात, आपल्याच मनानं व्यायाम सुरू करायचा नाही. मणके आणि मांडीची हाडं किती पक्की आहेत हे स्कॅनवर पाहून डॉक्टरांनी हो म्हटलं की मगच. तोवर वाकून बादली उचलणं नाही, कमरेतून पिळणं नाही, पाठीला मालीश तर मुळीच नाही. मावशींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली, बिछान्यातून उठणं. सरळ उठून बसायचं नाही. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हातानं गादी दाबत अंग वर घ्यायचं. पाच वेळा करून घेतलं. सहाव्या वेळी त्या म्हणाल्या, "अगं, कळ आलीच नाही."

एक धोक्याची खूण मात्र पक्की लक्षात ठेवा. पाय अचानक लुळे पडले, कमरेखाली बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहू नका. मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा नसांचा दोर, दाबला गेलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.

मावशींची मी पहिल्या दिवशी एक साधी चाचणी घेतली होती. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या वर वेळ लागला की पडण्याचा धोका वाढलेला समजतात. त्यांना २३ सेकंद लागले. मग उपचार सुरू झाले, हाडं बळकट करणारं इंजेक्शन सुरू झालं, रोज घरातल्या घरात थोडं चालणं आणि खुर्चीतून ऊठबस. मधले काही आठवडे वाईट गेले, तेव्हा दोन पावलंही पुष्कळ होती. मार्गशीर्षात पुन्हा चाचणी घेतली, १४ सेकंद. जमिनीवर मांडी घालायला मी अजून परवानगी दिलेली नाही. मुलानं देव्हारा टेबलावर घेतला आहे, समोर हातांची खुर्ची ठेवली आहे. परवा त्यानं फोनवर मावशींच्या पूजेचा व्हिडिओ पाठवला. आरती झाली, मावशींनी तबक बाजूला ठेवलं आणि खुर्चीच्या हातांना न धरता उठल्या.

नमस्कार.