दोघांचा मुक्काम

नमस्कार श्रोतेहो.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९२ साली रूआँ या गावी गेला आणि तिथल्या कॅथीड्रलसमोर एक खोली भाड्यानं घेऊन बसला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. चित्राचा विषय एकच, कॅथीड्रलची दर्शनी बाजू. सकाळचं धुकं असेतो एक कॅनव्हास, ऊन वर आलं की तो बाजूला ठेवून दुसरा, उन्हं कलली की तिसरा. अशी तिसाच्या आसपास चित्रं झाली. कुठे दगड निळसर, कुठे सोनेरी, कुठे नुसता करडा. आपण टूरच्या बसमधून तिथे उतरलो, तर त्या अर्ध्या तासात जे ऊन असेल तेवढंच आपल्या वाट्याला येणार.

मला आज सावकाश प्रवासाबद्दल बोलायचं आहे, आणि तो दोघांनी मिळून करण्याबद्दल. गावं कमी करावीत, मुक्काम वाढवावा, राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, एवढंच माझं सांगणं. मग एखादी जागा दुसऱ्यांदा पाहता येते, आणि जे पाहिलं त्याबद्दल जोडीदाराशी निवांत बोलता येतं. हे बोलणं मला पाहण्याइतकंच मोलाचं वाटतं.

या विचाराचं मूळ जेवणातच आहे. १९८६ साली रोमच्या एका जुन्या, प्रसिद्ध चौकात फास्ट फूडचं दुकान उघडायला विरोध झाला. कार्लो पेत्रिनी हे इटालियन पत्रकार त्यात पुढे होते. त्यातून ‘स्लो फूड’, म्हणजे सावकाश जेवणाची चळवळ उभी राहिली, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. गोगलगाय हे तिचं चिन्ह. १९९९ मध्ये इटलीतल्या चार गावांनी मिळून ‘चित्तास्लो’ हे सावकाश गावांचं जाळं सुरू केलं. प्रवासात हा विचार शिरला तो त्याच ओघात.

कंबोडियातल्या अंकोरच्या जुन्या देवळांचं उदाहरण घेते, कारण तिथे ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. अंकोर वाट हे बाराव्या शतकातलं मंदिर पश्चिमाभिमुख आहे. पहाटे सगळी गर्दी समोरच्या तळ्याकाठी सूर्योदयाला जमते. सूर्य मंदिराच्या मागून उगवतो, त्यामुळे तेव्हा शिखरांची काळी आकृती तेवढी दिसते. दर्शनी भागावर ऊन येतं ते दुपारनंतर. समुद्रमंथनाचा लांबच लांब शिल्पपट मात्र पूर्वेकडच्या ओवरीत आहे, त्याला सकाळचं ऊन हवं. कुरुक्षेत्राची लढाई आणि लंकेतलं युद्ध पश्चिमेच्या ओवऱ्यांत, म्हणजे पुन्हा दुपार. एका फेरीत हे सगळं नीट दिसणं शक्यच नाही. तिथल्या पासची रचनाही सावकाश फिरणाऱ्याला सोयीची आहे. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो, सात दिवसांचा महिनाभरात. त्यामुळे एक दिवस देवळं, एक दिवस घरी, असं बिनधास्त करता येतं.

आम्ही तसंच केलं. सकाळी लवकर निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, घरी भात टाकायचा, जेवून झोप काढायची. संध्याकाळी वाटलं तर पुन्हा बाहेर. नवऱ्याचं लक्ष दगड कसे बसवलेत याकडे, माझं चेहऱ्यांकडे. तिथल्या बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर राजाच्या फौजा कोरल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबरच साध्या माणसांचं रोजचं जगणंही आहे. बाजार आहे, कोंबड्यांची झुंज आहे, आणि स्वयंपाकही आहे. कुणी काही भाजतंय, कुणी मोठ्या भांड्यात शिजवतंय. मला ती माणसं फौजेहून जास्त आवडली. घरी कांदा चिरता चिरता मी त्यांच्याबद्दल सांगत होते, तर नवरा म्हणाला, “अगं, ही भिंत मी पाहिलीच नाही!” मग पुढच्या खेपेला आम्ही फक्त त्या भिंतीसाठी गेलो. तिथे त्यानं मला दाखवलं की दगडांचा सांधा एका माणसाच्या दंडातून आरपार गेलाय, पण दंडाची रेघ तुटलेली नाही. म्हणजे आधी दगड रचले आणि मग उभ्या भिंतीवरच कोरलं. हे माझ्या एकटीच्या नजरेला दिसलं नसतं.

संग्रहालयांचंही तसंच. पॅरिसच्या लूव्रमध्ये सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत, त्या एका दिवसात पाहण्याचा हट्ट कशाला? माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात संध्याकाळचे शेवटचे दोन तास प्रवेश मोफत असतो. गावात मुक्काम असला, तर एका संध्याकाळी फक्त स्पॅनिश चित्रकार वेलास्केथ पाहावा, त्याचं १६५६ सालचं ‘लास मेनिनास’ हे चित्र डोळे भरून पाहावं आणि घरी येऊन जेवावं. गोया या दुसऱ्या चित्रकाराला दुसरी संध्याकाळ द्यावी. शिवाय माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे: आत शिरल्यावर दोघांनी थोडा वेळ वेगळं व्हावं. सतत हाताला धरून पाहिलं की दोघांचंही लक्ष एकमेकांच्या कंटाळ्याकडे लागतं. ठरावीक वेळी दाराशी भेटायचं आणि काय पाहिलं ते जेवताना सांगायचं.

आता स्वयंपाकघर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण प्रवासाचं वेळापत्रक त्याच्यावरच चालतं.

घर ठरवताना पलंगाचे फोटो सगळेच दाखवतात. तुम्ही ओट्याचा फोटो शोधा. शेगडी कसली आहे, भांड्यांना झाकणं आहेत का, फ्रिज कामापुरता आहे का, बाजार चालत जाण्याजोगा आहे का. शेगडी इंडक्शनची असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे, नाहीतर ते तापणारच नाही. फ्रिजच्या दारावर शोभेची चुंबकं असतात, त्यातलं एक काढून पाहिलं की कळतं. जुन्या पद्धतीची विजेची कॉइल असेल तर तिचं वागणं वेगळं. ती तापते उशिरा आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. म्हणून भात थोडा ओलसर असतानाच बटण बंद करावं आणि झाकण न उघडता दहा मिनिटं तसाच राहू द्यावा. उरलेल्या आचेवर छान मोकळा होतो. दूध मात्र बटण बंद करूनही उतू जातं, पातेलं उचलूनच घ्यावं लागतं. भाड्याच्या घरातली सुरी बहुतेक वेळा बोथट असते. चिनीमातीचा कप उपडा करा. बुडाशी एक खरखरीत, चकाकी नसलेली कड असते. तिच्यावर सुरी हलक्या हातानं काही वेळा घासली की टोमॅटो कापण्याइतकी धार येते.

पहिल्या संध्याकाळी मोठा बेत करू नये. तांदूळ, डाळ, कांदे, अंडी, मीठ, तेल आणि बाजारात जी ताजी भाजी दिसेल ती, एवढ्यात दोघांचं उत्तम भागतं. लांबच्या विमानप्रवासानंतर तर हे फारच बरं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानंच सरकतं, त्यामुळे भूक भलत्या वेळी लागते, आणि पहाटे तीनला घरात भात असला की जीव शांत होतो. पण तो भात फ्रिजमध्येच हवा. शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू तांदळात असतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते जंतू वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.

उंचावरच्या गावी मुक्काम असेल तर डाळ शिजायला वेळ लागणार हे धरूनच चालावं. पेरूमधलं कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्यानं तिथे पाणी ८९ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. आच कितीही मोठी केली तरी पाणी त्याहून जास्त तापत नाही, म्हणून प्रेशर कुकर, नाहीतर डाळ रात्रभर भिजवणं. अशा उंचीवर शरीरालाही सवड द्यावी लागते. ३००० मीटरच्या वर झोपण्याचं ठिकाण एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये असं डॉक्टर सांगतात. इंका लोकांचं जुनं नगर माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, तेव्हा थेट कुस्कोला उतरून धावपळ करण्यापेक्षा आधी खालच्या दरीत राहणं शहाणपणाचं.

आणि हे विशेषतः पुरुष श्रोत्यांसाठी. एकानं फिरून यायचं आणि दुसरीनं ओट्याशी उभं राहायचं, असा प्रवास मला मान्य नाही. ती सुट्टी एकाचीच झाली. आमच्याकडे जो चिरतो तो भांडी घासत नाही, आणि ज्याला पाय दुखेपर्यंत चालायचा उत्साह होता त्यानंच भाजी आणायची. हे घरून निघण्याआधी बोलून घ्यावं. एखाद्या दुपारी दोघांनाही नको वाटलं, तर ब्रेड, फळं आणि उकडलेली अंडी घेऊन बागेत बसावं.

मुक्काम लांबवताना व्हिसाचे दिवस नीट मोजा. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, पर्यटकाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि आल्याचा व गेल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. निघायच्या दोन दिवस आधी बाजार बंद करून फ्रिजमधलं संपवायला घ्या. तेल आणि लोणच्यासारख्या बाटल्या आधी संपवा, कारण बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. तांदूळ-डाळ उरली तर घरमालकांना विचारून पुढच्या पाहुण्यांसाठी डब्यात ठेवा, आणि वर तारीख लिहा.

नमस्कार.