बळ किती, बुद्धी किती

हा हात बघा. उंट उचललाय, पण टेकत नाहीये. शिवाजी पार्कचा कट्टा, संध्याकाळ. मागे क्रिकेटचे चार डाव एकमेकांत घुसलेत आणि बँकेतून निवृत्त झालेले काका अजून विचारातच आहेत. समोर पुतणी. इंजिनिअरिंगला आहे.

वाद पटावरचा नाहीच. काका म्हणतात, "डीप ब्लूनं कास्पारोव्हला हरवलं ना, ते बुद्धिबळ नव्हतं गं. नुसतं बळ."

न्यूयॉर्क, मे १९९७. समोर जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह. गुण ३.५–२.५. आयबीएमचं ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. मी हे मारलं तर तो ते मारेल, मग मी काय... असे फाटे फोडत जायचं आणि टोकाच्या स्थितीला गुण द्यायचं: मोहरी किती उरली, राजा किती झाकलेला, प्यादी कशी उभी आहेत. कशाला काय किंमत, हे बरंचसं माणसांनीच बसवून दिलेलं. ही रीत अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्येच मांडली होती. तेव्हा इथवर काकांचं खोडून काढता येत नाही.

पुतणीनं चौकटीची वही उघडलीय. १९ आडव्या रेघा, १९ उभ्या. हा 'गो' या खेळाचा पट. इथे फाटे इतके फुटतात की नुसतं मोजून भागत नाही. अल्फागो हा गो खेळणारा प्रोग्राम आधी माणसांचे डाव पाहून शिकला, मग स्वतःशीच खेळून. पेनाचं टोक बघा, कडेपासून पाचव्या रेघेवर थांबलंय. सोल, मार्च २०१६, दुसरा डाव, अल्फागोची ३७वी चाल. समालोचकांना ती चूक वाटली होती. समोरचे नामवंत कोरियन खेळाडू ली सेडॉल ती मालिका ४–१ हरले.

"आणि त्याच्या पुढच्या अल्फाझीरोला तर बुद्धिबळाचे फक्त नियम दिले होते. चार तासांत स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामच्या पुढे!"

"चार तास, पण ५ हजार चिप जुंपून. म्हणजे परत बळच की."

"काका, स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी स्थिती बघत होता. हा ८० हजार."

काका गप्प. बुद्धीची व्याख्या दरवेळी एक घर मागे घ्यायची, ही त्यांची जुनी चाल, असं आपलं मला वाटतं.

या यंत्रांपायी आता स्पर्धेत फोन बाहेर ठेवावा लागतो, खेळाडूंची तपासणी होते, तेही आहेच.

उंट टेकला. शेजारी बसलेल्या मुलानं हीच स्थिती फोनवर मांडलीय. काका मान वळवतात. "काय म्हणतंय रे?"

पोरगा फोन मांडीवर पालथा घालतो.