आधी एक ट्रक येऊ द्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'डक्टची यंत्रं: पहिलं कोणतं घ्यावं?' त्यावर येतोच. आधी एक ट्रक येऊ द्या.

वाळूजला तेव्हा आम्ही फक्त डक्ट, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या, बसवून द्यायचो. तयार माल पुण्याहून यायचा. एका औषध कारखान्याचं काम होतं. पहिली गाडी आली, ताडपत्री टम्म फुगलेली. मी खूश! काट्यावर घातली तर माल जेमतेम दीड टन. गाडी नऊ टनांची! ड्रायव्हर परभणीकडचा, कापूस वाहण्यात केस पिकलेले. म्हणाला, "सायेब, भाडं हवेचं देता व्हय?"

रात्री बसून हिशोब केला. 1 मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, 1.2 मीटर लांब तुकडा. 22 गेज, म्हणजे 0.8 मिलिमीटर पत्रा. वजन साडेबावीस किलो आणि जागा अडवतो 0.6 घनमीटर. बाकी सगळी नगर रोडची हवा. आपल्याकडं सुटा कापूस जिनिंगपर्यंतच जातो. पुढं जाते ती 170 किलोची दाबलेली गाठ. शेतकऱ्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी शेतकऱ्याचाच पोरगा, पण डक्टच्या धंद्यात आल्यावर विसरलो. (हसू नका, पुढच्या रांगेतले दोघं अजून तेच करतात.)

बरं, हवा तरी धड पोचावी! कोपरे चेमटलेले. एक एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, तर उजव्याऐवजी डावा. फोन केला तर तिकडून उत्तर, "ड्रॉइंग उलटं धरलं असेल तुम्ही." उलटं धरून डाव्याचा उजवा होतो का, सांगा! दोन दिवस माणसं शिडीखाली बसून तंबाखू मळत होती. रोजी माझी.

पाच मिनिटं राहिलीत म्हणतायत. बरं.

तर डक्ट आपले आपण बनवायचे. पत्रा कापायची कात्री आणि वाकवायचं बेंडिंग यंत्र बहुतेकांकडं असतंच. मग पहिला घ्या लॉकफॉर्मर. रोळांमधून पत्र्याची एक कड जाते, तिला खाचेचा खिसा पडतो. दुसऱ्या पत्र्याची कड काटकोनात वळवायची, खिशात बसवायची, वर राहिलेली पट्टी हातोडीनं मुडपायची. हा पिट्सबर्ग लॉक. डक्ट दोन 'एल' भागांत सुटा ठेवा, पंगतीतल्या द्रोणांसारखे एकात एक बसतात. जोडायचे साइटवर.

दुसरं टीडीएफ. डक्टचे तुकडे एकमेकांना जोडायची कड, म्हणजे फ्लँज, पत्र्यातूनच निघतो, अँगलची वेगळी चौकट नको. मात्र कोपऱ्यात सीलंट भरा, गळती तिथंच होते. तिसरं प्लाझ्मा कटिंग. एल्बोचे आणि रिड्यूसरचे, म्हणजे मोठ्याला लहान डक्ट जोडणाऱ्या तुकड्याचे, आकार कॉम्प्युटर पत्र्यावर खेटून मांडतो, कतरण कमी निघते. ऑटोडक्ट लाइन कॉइलपासून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीपासून, थेट 'एल' काढते, पण तिला रोज टनानं खायला लागतं. ऑर्डर हातात नसताना कर्ज काढू नका. बँकेचे साहेब समोर बसलेत, तरी सांगतो.

गोल डक्ट काढणारं स्पायरल राहिलं. तेवढ्याच क्षेत्रफळाला चौरसापेक्षा गोलाचा घेर 11 टक्क्यांनी कमी, पत्रा वाचतो. पण गोल डक्टचे 'एल' होत नाहीत. लहान मोठ्यात घालून न्या, नाहीतर पुन्हा तोच ट्रक.

लॉकचा नमुना बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय. हात लावून बघा, पण जपून, कड चांगलीच धारदार आहे.