एका बटणात उरकलं असतं

(काळा पडदा. मधोमध वीस बाजूंचा फासा. त्याच्या वर आकडा: १५.)

हा फासा टाकायची तशी काहीच गरज नाही. आकडा काढायला कॉम्प्युटरला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तरीही 'बाल्डर्स गेट ३' दर वेळी खेळ थांबवतो, फासा समोर आणून ठेवतो आणि तुमच्या क्लिकची वाट बघत बसतो. कुलूप उघडायचं असो, नाहीतर पहारेकऱ्याला थाप मारायची असो. वरचा पंधरा म्हणजे गाठायचा आकडा.

क्लिक. गरगरतोय... गरगरतोय... अकरा. आता बघा, एकेक जादा गुण उडत येतो आणि फाशावर आदळतो. पात्राच्या गोड बोलण्याचे तीन. सोबतिणीनं टाकलेल्या मंत्राचा एक. झाले पंधरा. थाप पचली.

दोन-तीन सेकंदांचा मामला. पण त्या दोन-तीन सेकंदांसाठीच मी हा व्हिडिओ करतेय.

गेल्या काही महिन्यांत मी चार रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, खेळले. चारही गाजलेले, चारही एकमेकांशी फटकून असलेले. त्यांच्या कथा, ग्राफिक्स, संगीत यांवर बोलणारे खूप आहेत. मला बोलायचंय ते त्यांच्यातल्या बिनकामाच्या कामांबद्दल. एका बटणात उरकता आली असती, पण बनवणाऱ्यांनी मुद्दाम उरकू दिली नाहीत, अशी कामं. पडद्यावरच्या यादीतून उद्धट उत्तर निवडलं की मी उद्धट झाले, हे मला कधी पटलेलंच नाही. पात्र माझं होतं ते त्याच्याबरोबर काहीतरी खटाटोप करताना.

तर, फासा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये बाजारात आलं. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती जमलेली माणसं. तलवार लागली की हुकली, हे फासा सांगायचा, आणि तो कुणाच्या तरी मुठीतून सुटायचा. पुढे हे खेळ कॉम्प्युटरवर आले तेव्हा फासे मशीनच्या पोटात गेले. १९९८ च्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये नियम त्याच घराण्यातले होते. फासे पडत होते, पण त्यांचा पत्ता लागायचा तो खालच्या चौकटीत सरकत जाणाऱ्या बारीक ओळींमधून. बेल्जियममधल्या घेंटच्या लॅरियन स्टुडिओजनं तिसरा भाग केला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो पूर्ण स्वरूपात आला, आणि त्यात फासा पुन्हा टेबलावर होता.

(फासा थांबतो. १. पडदा लालसर.)

आणि हा एक. एक आला की बाकीचे गुण कितीही असोत, गेलं. इथे एफ-आठ दाबून मागचा सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला टप्पा, उघडणारे पुष्कळ आहेत. दाबा बापडे. मी दाबलं नाही, म्हणून ही पुढची पळापळ आपल्याला बघायला मिळतेय.

(समुद्रापलीकडे प्रचंड स्तंभ. त्यावर चमकणारा आकडा: ३३.)

हे दृश्य मी थोडं लांबवलंय. राहवलं नाही. 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३', एप्रिल २०२५. फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा हा पहिलाच खेळ, आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला तो हाच. वर्षातून एकदा एक चित्रकर्ती त्या स्तंभावर नवा आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्यांसारखी विरून जातात.

लढाई पाळीपाळीनं. जुन्या धाटणीच्या अशा खेळांत शत्रूची पाळी आली की कंट्रोलर खाली ठेवला तरी चालायचं. इथे नाही. वार येतोय, येतोय, आत्ता! नेमक्या क्षणी बटण दाबलं तर तो परतवला जातो. मालिकेतले सगळे वार परतवले तर आपल्याकडून उलटा तडाखा. तो बसल्यावरचा हा आवाज... पुन्हा एकदा ऐकवते.

म्हणजे इथेही हात लागतात. मग मला अडतंय कुठे? आपल्या पाळीत आपल्या गटातली पात्रं खरोखर वेगवेगळी आहेत. माएल तलवारीचे पवित्रे बदलते, सिएल सूर्य-चंद्राच्या पत्त्यांवर खेळते, ल्यून प्रत्येक मंत्रातून पुढच्या मंत्राचा रंग जमवते. शत्रूची पाळी आली की मात्र तिघींचा बचाव एकच: माझं बोट. ते बरोबर पडलं तर तिघीही बरोबर. चारांत हा खेळ सगळ्यात देखणा, यात वादच नाही. पण लढताना मी कोण आहे, हे मी सगळ्यात जास्त वेळा विसरले ते इथेच. ताल शिकले, माणूस नाही.

(भट्टी. ठिणग्या. ऐरणीवर तापलेलं लोखंड.)

आणि आता हे.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स २'. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजचा, फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला. काळ १४०३, जागा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेकियाचा भाग. यात ड्रॅगन नाहीत, मंत्र नाहीत. नायक हेन्री, लोहाराच्या घरात वाढलेला. राजा वेन्सेस्लॉसचा सावत्र भाऊ सिगिस्मंड, त्याच्या फौजेनं हेन्रीचं गाव स्कालिट्झ जाळलं, आईबाप डोळ्यांदेखत मारले. ही सगळी पहिल्या भागातली गोष्ट, २०१८ च्या. तिथे बाप तलवार घडवत होता आणि पोरगा जिनसा गोळा करत गावभर फिरत होता. दुसऱ्या भागात ऐरणीपाशी पोरगा स्वतः उभा आहे.

बघा कसं चालतं. लोखंड भट्टीत. भाता ओढायचा. रंगाकडे लक्ष ठेवायचं. पडद्यावर कुठलीही पट्टी नाही, टक्केवारी नाही, लोखंडाचा रंग हेच काय ते मोजमाप. मग ऐरणीवर. एकाच जागी ठोकत बसलात तर काम बिघडतं, हातोडा पुढे सरकवत न्यायचा. पातं उलटायचं. निवलं की परत भट्टीत.

आणि आता नीट ऐका.

(हातोड्याचे ठोके. त्यांच्यावर शीळ.)

ही शीळ हेन्रीची आहे. ठोके लयीत पडायला लागले की तो आपसूक शीळ घालतो. लय चुकली की गप्प. बस, एवढंच. या एका युक्तीवर मी फिदा आहे. 'शाब्बास' म्हणून पडद्यावर अक्षरं आली असती तर ती मला मिळाली असती. शीळ त्याची आहे. त्याचं मन रमलंय, आणि ते रमवलंय माझ्या हातानं.

शेवटी पाण्यात बुडवायचं. चर्रर्र. झालं.

तीच गोष्ट औषधांची. मेज बघा: वर बुकं, बाजूला वनस्पती, खल, विस्तवावर टांगलेलं भांडं. ही कृती ज्या दारूची आहे, तिला लागतात वाइन, नेटल आणि बेलाडोना. वाइन ओतायची. नेटलचा पाला टाकायचा. भांडं विस्तवावर उतरवायचं, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि उभं राहायचं. नुसतं उभं. मधल्या वेळात बेलाडोना कुटून घ्यायची. शेवटी कुपीत ओतायचं. घाई केली की माल हलका निघतो.

आता ही दारू कशासाठी? खेळ सेव्ह करण्यासाठी! कथेत ठरावीक टप्प्यांवर किंवा आपल्या हक्काच्या बिछान्यावर झोपलं की तो सेव्ह होतोच, पण मनात येईल तेव्हा हवा असेल तर ही कुपी रिकामी करावी लागते. 'बाल्डर्स गेट'मध्ये एफ-पाच दाबलं की काम झालं. इथे तेच काम आधी शिजवावं लागतं. ज्यांना हा निव्वळ छळ वाटतो, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण खिशात एकच कुपी उरली असताना हेन्री ज्या सावधपणानं वळणावर डोकावतो, तो सावधपणा दुसऱ्या कुठल्याही खेळात मला विकत मिळालेला नाही.

अशानं हा खेळ शंभर तास सहज खातो, आणि बरेच जण मध्येच सोडतात. असो.

पहिल्या भागातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचा खेळ तिथूनच सुरू होतो. हेन्रीला आधी वाचता येत नव्हतं. पुस्तक उघडलं की अक्षरांची सरमिसळ. लेखनिकाकडे शिकायला गेलात आणि मग वाचत राहिलात, की हळूहळू अक्षरं जागेवर यायची.

(चर्मपत्र. त्यावर घासला जाणारा दगड. जुना मजकूर पुसट होतो.)

'पेन्टिमेंट' सुरूच असा होतो. जुनी ओळ खरवडून काढा. हो, तुम्हीच. ऑब्सिडियन स्टुडिओचा हा खेळ नोव्हेंबर २०२२ चा, दिग्दर्शक जॉश सॉयर. जर्मनीच्या बव्हेरियातलं टासिंग नावाचं काल्पनिक गाव, साल १५१८. चर्चला आव्हान देणारे मार्टिन लुथरचे प्रबंध नुकतेच बाहेर पडलेत. अँड्रियास हा चित्रकार मठात हस्तलिखितं रंगवतो.

इथे एकाही पात्राला आवाज दिलेला नाही. सगळं लिहून येतं, आणि कसं येतं ते बघा. शाई ओली आहे. हळूहळू सुकतेय. ही चूक झाली... खोडली... पुन्हा लिहिली. शेतकऱ्याचं बोलणं मोकळ्याढाकळ्या वळणात, मठातल्या साधूंचं टोकदार गॉथिक अक्षरांत. आणि हा मुद्रक: त्याचं बोलणं चक्क खिळे जुळवून छापलं जातं, आवाजासकट. देवाचं नाव आलं की जागा कोरी राहते. बाकी वाक्य पुरं झाल्यावर ते लाल शाईनं भरलं जातं. त्या काळच्या लेखनशाळांमध्ये लाल शाईचं काम असंच मागाहून व्हायचं. आणि समोरच्या माणसाबद्दल अँड्रियासचा समज बदलला, की त्या माणसाची अक्षरंही बदलतात. न बोलता कळतं की आपण त्याला काय समजत होतो.

मध्ये एक खून होतो. कुणाकडे बोट दाखवायचं ते तुम्ही ठरवता, आणि गाव ते पंचवीस वर्षं विसरत नाही.

(जेवणाचं टेबल. वरून.)

हे टेबल शेतकऱ्याच्या घरचं, हे मठातलं. कशाला आधी हात घालायचा ते निवडायचं, बाकीचे बोलत असताना. गावात कोण कसं जगतं, ते ताटांवरूनच कळून जातं.

सेटिंगमध्ये एक पर्याय आहे: सोपी अक्षरं. तो लावला की ही वळणं जातात, वाचणं सोपं होतं. डोळ्यांना त्रास होत असेल त्यांनी तो बेधडक लावावा, त्यासाठीच तो आहे. निव्वळ वेळ वाचवायला लावणार असाल, तर माझं ऐका, निदान पहिला खून होईपर्यंत थांबा.