पैसे आहेत, सुटे नाहीत

[पडद्यावर: फोन. ॲप उघडतंय, चक्र फिरतंय, फिरतच राहतंय.]

7 डिसेंबर 2017. अमेरिकेतल्या ॲप स्टोअरवर फुकट ॲपांच्या यादीत पहिला नंबर होता कॉइनबेसचा. बिटकॉइन विकत घ्यायचा, तिथल्याच वॉलेटमध्ये ठेवायचा, हवा तेव्हा विकायचा किंवा बाहेर पाठवायचा, अशी सोय देणारी ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी, 2012 मध्ये सुरू झालेली. आणि ज्या दिवशी ती पहिली आली, त्याच दिवशी अनेकांना तिचं ॲप उघडतच नव्हतं.

वर्षाच्या सुरुवातीला बिटकॉइन 1,000 डॉलरच्या आसपास होता. नोव्हेंबर संपताना तो 10,000 च्या पुढे गेला आणि डिसेंबरच्या मध्यावर 20,000 च्या उंबरठ्याशी पोचला. कॉइनबेसची खाती तोवर सुमारे 1 कोटी 30 लाख झाली होती.

बातम्यांमध्ये दोनच शब्द होते: सर्व्हर डाऊन. ते खरं होतं, पण सर्व्हर हा या दुखण्याचा सोपा भाग. सर्व्हर पैसे टाकून वाढवता येतात.

[पडद्यावर: ॲपचा पहिला पडदा, त्यातला एकेक चौकोन उजळतो.]

सोपा भाग आधी पाहू. भाव चढो की पडो, माणूस ॲप उघडून बघतो. उघडलं की मागे काय काय होतं? खातं कोणाचं, फोन ओळखीचा आहे का, प्रत्येक नाण्याची शिल्लक किती, आजचा भाव, आलेख, शेवटचे व्यवहार. एका स्पर्शामागे डेटाबेसला असे कितीतरी प्रश्न जातात. कॉइनबेसचा मुख्य प्रोग्राम होता रुबी भाषेतला, रुबी ऑन रेल्स या साच्यावर बांधलेला, आणि मागचा डेटाबेस मोंगोडीबी.

रुबीच्या एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामच्या एका प्रतीला, एका वेळी प्रोसेसरचा एकच गाभा नीट वापरता येतो. म्हणून गर्दी वाढली की प्रोसेस वाढवायच्या. पण प्रत्येक प्रोसेस डेटाबेसशी स्वतःच्या वेगळ्या जोडण्या उघडून बसते. समजा 200 मशीन आहेत, प्रत्येकावर 16 प्रोसेस, प्रत्येकीच्या 5 जोडण्या. झाल्या 16,000. आता प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवा. जुन्या प्रोसेस अजून निघालेल्या नाहीत आणि नव्या येऊन बसल्या, म्हणजे काही मिनिटं 32,000. पाहुण्यांचं आगतस्वागत करण्यातच यजमान थकावा, तशी डेटाबेसची गत होते. म्हणजे दुरुस्ती चढवायला जावं तर ती चढवण्यानेच पुन्हा कोसळायची भीती. यावरचा इलाज म्हणजे मधे एक दलाल बसवायचा: हजारो जोडण्या त्याने अंगावर घ्यायच्या आणि डेटाबेसकडे मोजक्याच न्यायच्या. कॉइनबेसने पुढे असा दलाल गो भाषेत लिहिला आणि 2020 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्याचं नाव मोंगोबिटवीन.

दुसरी गोची इंडेक्सची, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून बांधलेल्या सूचीची. एक लाख नोंदींच्या तक्त्यात इंडेक्स राहून गेला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एक कोटी नोंदी झाल्या की तोच प्रश्न अख्खा तक्ता चाळत बसतो. बरं, इंडेक्स गर्दीच्या ऐन वेळी बांधायला घ्यावा, तर त्या काळच्या मोंगोडीबीत साध्या पद्धतीने इंडेक्स बांधताना तो डेटाबेसच कुलूपबंद व्हायचा. पार्श्वभूमीवर बांधला तर कुलूप नाही, पण वेळ बराच लागायचा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपण. ॲप उघडलं नाही की पुन्हा दाबतो. ॲपही आपणहून पुन्हा विचारतं. सगळ्यांनी एकाच सेकंदाला पुन्हा विचारलं, तर सावरत आलेला सर्व्हर परत आडवा होतो. म्हणून ॲपने 1 सेकंद, मग 2, मग 4, मग 8 असं थांबत जायचं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा. तो फरक नसेल, तर लाख फोन 8 सेकंदांनी पुन्हा एकदमच धडकतात.

पैसे पाठवण्याच्या बटणाला मात्र एवढं पुरत नाही. विनंती पोचली, व्यवहार झाला, पण उत्तर परत यायच्या आत वेळ संपली. माणसाला वाटतं गेले नाहीत, तो पुन्हा दाबतो आणि दोनदा पाठवणी होते. त्यासाठी प्रत्येक विनंतीला फोनवरच एक क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी पाठवणी करायची नाही, जुनंच उत्तर परत द्यायचं. यूपीआयमध्ये पैसे कापले गेले आणि समोर पोचले नाहीत, तर उलट फिरवायला बँक असते. इथे ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीच्या पानात, बसलेला व्यवहार कोणीही परत फिरवत नाही.

[पडद्यावर: बिटकॉइनच्या जाळ्याचा आलेख. रांगेतल्या व्यवहारांची रेघ वर वर जाते.]

आता अवघड भाग.

ॲपमध्ये दिसणारी शिल्लक म्हणजे कंपनीच्या वहीतली नोंद. कॉइनबेसच्या एका ग्राहकाने दुसऱ्याला पाठवले, तर वहीतले दोन आकडे बदलतात. खरी नाणी हलतात ती पैसे बाहेरच्या पत्त्यावर निघाले की. आणि बाहेरचा रस्ता कंपनीच्या मालकीचा नाही. सरासरी 10 मिनिटांना एक ब्लॉक. जुन्या मापाने ब्लॉकची मर्यादा 1 एमबी, म्हणजे 10 लाख बाइट. तिथे ॲमेझॉनकडून जास्तीची मशीन भाड्याने घेऊन काही उपयोग नाही.

त्या डिसेंबरात 2 लाखांहून जास्त व्यवहार रांगेत होते. एका ब्लॉकमध्ये 2,500 धरा. नवा एकही आला नाही, तरी रांग संपायला 80 ब्लॉक, म्हणजे 13 तासांच्या वर. आणि नवे तर येतच होते. आत कोणाला आधी घ्यायचं, हे ठरतं दर बाइटला किती सातोशी शुल्क देता त्यावर. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग.

इथे सुट्या पैशांचा प्रश्न येतो. बिटकॉइनमध्ये खात्यावर एक आकडा नसतो, वेगवेगळ्या रकमांच्या नोटा असतात. तंत्रज्ञ त्यांना यूटीएक्सओ म्हणतात. 10 बिटकॉइनच्या नोटेतून अर्धा बिटकॉइन द्यायचा असेल, तर अख्खी नोट मोडावी लागते: अर्धा समोरच्याला आणि साडेनऊची नवी नोट आपल्याला. शुल्क पडतं ते नोटांच्या संख्येवर, रकमेवर नाही. त्या काळच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत आत जाणारी प्रत्येक नोट सुमारे 148 बाइट, बाहेर पडणारी 34 आणि वरखर्च 10.

म्हणजे एक नोट मोडून दोन केल्या की 226 बाइट. दर 500 सातोशी असेल तर 1,13,000 सातोशी. बिटकॉइन 16,000 डॉलर धरला, तर एका पाठवणीला 18 डॉलर.

आता 100 ग्राहकांचे पैसे वेगवेगळे न पाठवता एकाच व्यवहारात पाठवा. एक मोठी नोट आत, 100 बाहेर आणि एक आपली उरलेली. 10 अधिक 148 अधिक 101 गुणिले 34. एकूण 3,592 बाइट. सुटे सुटे पाठवले असते तर 22,600. माणशी खर्च 18 डॉलरवरून तीनच्या आत. कागद-पेन्सिलीने होणारं गणित आहे हे, आणि या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कॉइनबेसने मात्र ते 2017 मध्ये केलं नाही. सेगविट ही जागा वाचवणारी पद्धत बिटकॉइनवर 24 ऑगस्ट 2017 पासून चालू होती. कॉइनबेसवर ती आली फेब्रुवारी 2018 मध्ये आणि एकत्र पाठवणी मार्चमध्ये. मधल्या काळात, 19 डिसेंबरला, बिटकॉइन कॅश हे नवं नाणं विक्रीला आलं आणि काही मिनिटांतच त्याचा व्यवहार थांबवावा लागला. जुन्या खिडकीपुढची रांग रस्त्यावर आलेली असताना नवी खिडकी उघडायची घाई, याला दुसरं काय म्हणणार?

[पडद्यावर: नोटांची साखळी. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सव्विसावी लाल.]

रोजच्या व्यवहारांसाठी जे पाकीट जाळ्याला जोडलेलं असतं, त्याला हॉट वॉलेट म्हणतात. चोरीच्या भीतीने त्यात थोडेच पैसे ठेवतात. बाकीचे ऑफलाइन कोल्ड वॉलेटमध्ये, आणि तिथून आणायला माणसांच्या सह्या, म्हणजे वेळ. समजा हॉट वॉलेटमध्ये प्रत्येकी 50 बिटकॉइनच्या फक्त तीन नोटा आहेत. पहिली मोडली, उरलेली नोट परत आली, पण ती अजून ब्लॉकमध्ये बसलेली नाही. तरी तीच पुढे मोडली. मग तिची उरलेली. बिटकॉइनचं जाळं चालवणाऱ्या बिटकॉइन कोअर या प्रोग्रामच्या तेव्हाच्या नियमांनुसार, ब्लॉकमध्ये न बसलेल्या व्यवहारांची साखळी 25 वर थांबते. सव्विसावा व्यवहार नोड, म्हणजे जाळ्यातला संगणक, घेतच नाही. तीन नोटा, म्हणजे ग्राहकागणिक वेगळी पाठवणी केली तर 75 ग्राहक. शहात्तराव्याला ॲप सांगतं: प्रलंबित. पाकिटात दीडशेच्या आसपास बिटकॉइन आहेत आणि द्यायला एक नाही! एसटीत कंडक्टरकडे नुसत्या पाचशेच्या नोटा असाव्यात, तसं.

त्यात पहिल्या व्यवहाराचा दर कमी लावला गेला असेल, तर मागचे चोवीसही त्याच्याबरोबर अडकतात. उपाय दोन. पहिल्याच्या जागी जास्त शुल्काचा व्यवहार टाकायचा. पण मग त्याची ओळख बदलते आणि मागची साखळी रद्द होऊन सगळे चोवीस पुन्हा करावे लागतात. किंवा साखळीच्या शेवटी असा एक व्यवहार जोडायचा, ज्याचं शुल्क पुढच्या सगळ्यांना ओढून नेईल. पण साखळी 25 ला टेकली असेल तर शेवटी जोडायला जागाच नसते. म्हणून आधीच, रांग नसताना, मोठ्या नोटा फोडून मध्यम आकाराच्या दीडदोनशे करून ठेवायच्या.

याच्या बरोबर उलटी अडचण जमा बाजूला. लाखो ग्राहक थोडंथोडं भरतात, त्यातून धुळीसारख्या बारीक नोटा साचतात. अशा 500 नोटा एकत्र करायच्या तर 74,000 बाइट लागतात. एक साधा व्यवहार एक लाख बाइटांच्या पुढे गेला की नोड तो पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे एका वेळी साडेसहाशेच्या आसपासच नोटा जमतात. 500 सातोशीच्या दराने हे काम 0.37 बिटकॉइनला पडतं. 5 च्या दराने 0.0037 ला.

मार्च 2018 पर्यंत रांग ओसरली होती आणि दर पुन्हा एकआकडी सातोशीत आले होते. ही चिल्लर मोजून बांधायची वेळ तीच: रविवारी पहाटे, जाळं रिकामं असताना, ॲप कोणीच उघडत नसताना.